तांबड्या नाकाची बदनामी

पॅरिस येथील लूव्र संग्रहालयात दोमेनिको गिरलांदायो या इटालियन चित्रकाराने इ. स. १४९० च्या सुमारास रंगविलेले एक चित्र आहे. त्यात तांबडा झगा ल्यालेले एक वृद्ध गृहस्थ असून त्यांचा लहानगा नातू त्यांच्या छातीवर हात ठेवून, मान वर करून, त्यांच्या मुखाकडे पाहत आहे. आजोबांचे नाक मात्र विलक्षण आहे. ते गाठीगाठींनी फुगलेले, खडबडीत, एखाद्या जुन्या झाडाच्या खोडावर आवाळे उठावीत तसे दिसते. नातवास त्याचे काहीच वाटत नाही. त्याच्या दृष्टीस आजोबा दिसत आहेत, नाक नव्हे. अलीकडील वैद्यांनी हे चित्र पाहून त्या नाकाचे निदान केले आहे. 'रोझेशिया' नामक जी एक त्वचेची व्याधी आहे, तिची ही नाकावर उतरलेली अवस्था असून तीस 'रायनोफायमा' म्हणतात.

जगाची दृष्टी त्या नातवाइतकी उदार नसते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीने आपल्या 'कँटरबरी टेल्स' या काव्यात धर्मन्यायालयाचा एक बेलीफ रंगविला आहे. त्याचे तोंड लाल व फोडांनी भरलेले असून मुले त्यास भितात, आणि तो लसूण, कांदे व कडक मद्य यांचा शौकीन आहे असेही कवीने त्याच्या पदरात घातले आहे. शेक्सपिअरच्या नाटकांतील बार्डॉल्फ हे पात्र तर आपल्या तांबड्या नाकापायी जन्मभर थट्टेचा विषय होऊन राहिले आहे. आपल्याकडेही निराळे नाही. गृहस्थाचे नाक लाल दिसले की पाहणारा मनातल्या मनात बाटली मोजू लागतो; आणि बाईमाणसाचे गाल वारंवार लाल होऊ लागले तर तिला तापट ठरविण्यास फार वेळ लागत नाही.

आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य मुलांस संस्कृत शिकविण्यात गेले. तथापि या व्याधीविषयी जे वाचावयास व जाणत्यांकडून ऐकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटण्याचे कारण एवढेच की, सुशिक्षित कुटुंबांतही हिचे नाव फारसे कोणास ठाऊक नाही. नाव ठाऊक नसल्याने माणसाची बदनामी होते हे तर आहेच. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की घरच्या घरी भलतेच मलम लावले जाऊन मूळ दुखणे दसपट वाढते. त्याविषयी पुढे सांगावयाचे आहेच.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. 'रोझेशिया' हा शब्द लॅटिन भाषेतील गुलाबवाचक शब्दापासून निघाला आहे. आपल्या अमरकोशात पांढऱ्यात मिसळलेल्या तांबड्या रंगास 'पाटल' म्हटले आहे, आणि मराठीत पाटल म्हणजे गुलाबही. तेव्हा कोणास या रोगास संस्कृत नाव द्यावयाचे असेल तर सामग्री हाताशी आहे. परंतु आम्ही त्या फंदात पडत नाही, कारण ते नाव ना डॉक्टरांस कळेल ना औषधाच्या दुकानदारास. कित्येक उत्साही मंडळी प्रत्येक पाश्चात्त्य रोग आपल्या ग्रंथांतून शोधून काढतात. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणी 'मुखदूषिका' वर्णिल्या आहेत खऱ्या. पण शाल्मलीच्या काट्यांसारख्या, तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या त्या पुटकुळ्या म्हणजे आपल्या नेहमीच्या तारुण्यपिटिका. रोझेशिया ही बहुधा तिशी उलटल्यावर, कित्येकदा चाळिशी-पन्नाशीत दिसू लागते, आणि ती जातीने निराळी आहे. युरोपात गी द शोलियाक या फ्रेंच शस्त्रवैद्याने चौदाव्या शतकातच मुखावरील अशा लालीची नोंद केली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस बेटमन या इंग्रज वैद्याने तीस 'अ‍ॅक्ने रोझेशिया' म्हणजे तारुण्यपिटिकांचाच एक पोटभेद गणले. हे नाते चुकीचे आहे असे ठरल्यावर त्यातील 'अ‍ॅक्ने' गळाले आणि 'रोझेशिया' तेवढी उरली.

ही व्याधी विरळ आहे असे समजू नये. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१८ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे जगातील प्रौढ माणसांपैकी सुमारे ५.४६ टक्के लोकांस ती असते. म्हणजे अठरा माणसांत एक. गोऱ्या कातडीच्या उत्तर युरोपीय लोकांत ती अधिक, अशी प्रसिद्धी आहे. परंतु या प्रसिद्धीत थोडा दृष्टिदोषही आहे. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही. वैद्यकाच्या पुस्तकांतील चित्रे वर्षानुवर्षे गोऱ्या मुखांचीच छापली गेली. मग सावळ्या बाईच्या गालावरची लाली ओळखणार कोण? अशा रोग्याच्या बाबतीत डोळ्यापेक्षा कानाचा उपयोग अधिक करावा लागतो. 'गाल तापल्यासारखे वाटतात', 'साधा साबण लावला तरी झोंबतो', 'उन्हातून आले की तासभर तोंड जळत राहते' ही वाक्ये निदानाच्या दृष्टीने फार मोलाची आहेत. डॉक्टर कधी कधी काचेची पट्टी गालावर दाबून पाहतात. दाबल्याने रक्त सरकून रंग फिका पडतो आणि पट्टी उचलताच परत येतो, त्यावरून दडलेली लाली कळते.

आता हिची रूपे पाहू. आरंभ पुष्कळदा नुसत्या झळेने होतो. लाजेने, रागाने, उन्हाने किंवा कढत पदार्थाने चेहरा लाल होणे हे कोणासही होते व ते पाचदहा मिनिटांत ओसरते. रोझेशियाच्या माणसास ही झळ वारंवार येते, अधिक वेळ टिकते, आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी असे होते की ती पुरती ओसरतच नाही. मुखाचा मध्यभाग, म्हणजे दोन्ही गाल, नाक, हनुवटी व कपाळाचा मधला पट्टा, कायमचा तांबूस राहतो आणि निमित्त मिळताच अधिक भडकतो. जवळून पाहिल्यास नाकपुड्यांच्या कडेस व गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेषा दिसतात. त्या कायमच्या रुंदावलेल्या केशवाहिन्या होत. कित्येकांस या लालीवर लहान लाल पुटकुळ्या व पुवाच्या पिटिका उठतात, आणि तेथेच तारुण्यपिटिकांचा भ्रम होतो. भेद ओळखण्याची एक खूण आहे. तारुण्यपिटिकांत त्वचेच्या रंध्रांत काळी वा पांढरी बुचे बसलेली असतात. रोझेशियात ती नसतात. अर्थात एकाच माणसास दोन्ही दुखणी असू शकतात आणि मग भल्याभल्यांची फसगत होते.

नाकाची गोष्ट निराळी. तेथील तेलग्रंथी वाढत जातात, त्वचा जाड होते, रंध्रे उघडी पडतात, आणि पुढे गिरलांदायोच्या आजोबांसारखे गाठाळ नाक होते. सुदैवाने फार थोड्यांच्या वाट्यास ही अवस्था येते. नुसती लाली स्त्रियांत अधिक आढळते; नाकाचे हे रूप मात्र बहुतेक पुरुषांसच होते.

२००२ साली अमेरिकेतील नॅशनल रोझेशिया सोसायटीच्या तज्ज्ञ समितीने या व्याधीचे चार प्रकार पाडले होते : लाली व केशवाहिन्यांचा, पुटकुळ्यांचा, जाड त्वचेचा आणि डोळ्यांचा. आमच्यासारख्या शिक्षकास असे वर्गीकरण फार आवडते, कारण ते फळ्यावर चौकटीत लिहिता येते. परंतु रोग फळ्यावर राहत नाही. एकाच रोग्यास आज एक, उद्या दुसरे, तर कोणास तिन्ही रूपे एकदम, असे दिसू लागल्यावर २०१७ च्या सुमारास तज्ज्ञांनी ती पद्धत सोडली. आता प्रकाराचे नाव न देता रोग्याच्या अंगी कोणकोणती लक्षणे आहेत ती नोंदवितात. मुखाच्या मध्यभागी त्या विशिष्ट आकाराने टिकून राहिलेली व मधूनमधून भडकणारी लाली, किंवा जाड झालेली त्वचा, यांपैकी एक गोष्ट असली तरी निदान पक्के. त्या नसल्यास झळा, पुटकुळ्या, केशवाहिन्या व डोळ्यांची लक्षणे यांपैकी दोन तरी असावी लागतात.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली 'ल्युपस' नामक दुसऱ्या एका गंभीर रोगातही येते. त्यात पुवाच्या पिटिका येत नाहीत, आणि नाकाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी उतरते ती बहुधा लालीवाचून राहते. लालीबरोबर सांधे दुखणे, ताप, केस गळणे, अत्यंत थकवा असे काही असेल तर 'आम्ही मासिकात वाचले, हा रोझेशियाच' असे म्हणून स्वस्थ बसू नये. रक्ताची तपासणी करून घ्यावी.

बदनामीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची हकिकत सांगतो. ते एका तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवीत. स्वभाव अबोल, राहणी अत्यंत साधी. चहा आणि सुपारी यांपलीकडे व्यसन नाही. चाळिशीनंतर त्यांचे नाक व गाल लाल दिसू लागले. मुलांनी आपल्या चालीप्रमाणे टोपणनाव ठेवले, त्याचे त्यांस विशेष वाटले नाही. परंतु एके दिवशी चालकांपैकी एका गृहस्थांनी त्यांस बाजूस घेऊन, "गुरुजी, संध्याकाळचे जरा जपून असावे, गावात बोलवा आहे," असे सुनावले. घरी आल्यावर हे सद्गृहस्थ पत्नीपाशी म्हणाले, "मी आजवर ज्या वस्तूचा वास घेतला नाही, तिच्यासाठी मला जपावयास सांगतात." वहिनींनी पुढे ही गोष्ट आम्हांस सांगितली तेव्हा त्यांचा कंठ दाटून आला होता. या गृहस्थांस वारंवार रांजणवाडी होई व डोळे चुरचुरत, म्हणून ते जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रवैद्यांकडे गेले. त्या वैद्यांनी पापण्या पाहिल्या, मग खुर्ची थोडी मागे सरकवून सबंध चेहरा पाहिला आणि विचारले, "गुरुजी, ऊन लागले की गाल जळतात का हो तुमचे?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांस प्रथमच कोणी विचारीत होता.

मद्याचा व या व्याधीचा संबंध मुळीच नाही असे म्हणणे मात्र शास्त्रास धरून होणार नाही. अमेरिकेतील परिचारिकांचे आरोग्य वर्षानुवर्षे नोंदविणारी एक मोठी पाहणी आहे. तीतील ८२,७३७ स्त्रियांची सुमारे चौदा वर्षांची माहिती तपासून २०१७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यात, मद्य घेणाऱ्या स्त्रियांत ही व्याधी होण्याचा संभव काहीसा अधिक, आणि विशेषतः पांढरी वाइन व कडक दारू यांच्या बाबतीत तो स्पष्ट, असे आढळले. ज्यांस व्याधी आहे त्यांचा चेहरा मद्याने भडकतो, हेही खरे. परंतु यावरून उलट अनुमान काढता येत नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते; म्हणून अंगण ओले दिसल्यास पाऊसच पडला असे कोणी नैयायिक म्हणणार नाही, सडाही घातलेला असेल. थेंबही न घेणाऱ्या असंख्य माणसांस ही व्याधी होते, आणि गाठाळ नाकास 'दारुड्याचे नाक' म्हणण्यास काहीच आधार नाही.

मग ही होते तरी कशाने? एक अमुक कारण असे बोट ठेवून दाखविता येत नाही; अनेक धागे हाती आले आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

एक धागा कुळाचा. अमेरिकेत २७५ जुळ्या जोड्यांची पाहणी करून २०१५ साली असा हिशोब मांडण्यात आला की या व्याधीच्या तीव्रतेत सुमारे ४६ टक्के वाटा आनुवंशिकतेचा व उरलेला ऊन, वय, सवयी इत्यादी बाह्य गोष्टींचा असावा. तेव्हा एखाद्या घरात आत्याचे, मग भाचीचे गाल लाल दिसले तर नवल नाही, आणि भाचीस दोष देण्याचेही कारण नाही.

दुसरा धागा त्वचेच्या संरक्षक यंत्रणेचा. आमच्या मते हा सर्वांत मनोरंजक आहे. त्वचा जंतूंशी लढण्यासाठी स्वतःच एक द्रव्य निर्माण करते, त्यास 'कॅथेलिसिडिन' म्हणतात. ते मुळात निष्क्रिय असते; एका पाचक रसासारख्या द्रव्याने त्याचे तुकडे झाले की ते कामास लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रिचर्ड गॅलो व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली असे दाखविले की, रोझेशियाच्या रोग्यांच्या मुखत्वचेत हे द्रव्य व त्याचे तुकडे करणारे द्रव्य ही दोन्ही प्रमाणाबाहेर असतात आणि तुकडेही वेगळ्या आकाराचे पडतात. हेच तुकडे उंदरांच्या त्वचेत टोचले असता तेथे लाली व दाह उत्पन्न झाला. म्हणजे पहारेकरी शूर आहेत, पण चोर नसतानाही तलवारी उपसून घरातीलच सामान फोडीत सुटले आहेत, असा हा प्रकार.

तो चोर कधी कधी असतोही. माणसाच्या मुखावरील रोमरंध्रांत 'डेमोडेक्स' नावाचे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, डोळ्यास न दिसणारे किडे राहतात. त्यांचा शोध १८४०-५० या दशकाच्या आरंभी जर्मनीत लागला. वाचकांनी किळस मानू नये; प्रौढ वयाच्या जवळजवळ प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते असतात आणि बहुधा निरुपद्रवी असतात. रोझेशियाच्या, विशेषतः पुटकुळ्या असलेल्या रोग्यांत त्यांची संख्या पुष्कळ अधिक आढळते. ते वाढल्यामुळे व्याधी होते, की व्याधीने बिघडलेली त्वचा त्यांस मानवते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. घरात अस्वच्छता म्हणून हे किडे होतात अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आतड्यांतील जंतूंशी व जठरातील एका सूक्ष्मजंतूशीही संबंध जोडण्यात आला आहे. पण तेथे पुरावे उलटसुलट आहेत, म्हणून त्यात शिरत नाही.

राहिला धागा ज्ञानतंतूंचा. त्वचेतील ज्ञानतंतूंच्या टोकांशी उष्णता ओळखणारी सूक्ष्म द्वारे असतात. या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञास २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गमतीची गोष्ट अशी की, हे द्वार उष्णतेने उघडते तसे मिरचीतील तिखट द्रव्यानेही उघडते. मिरचीने तोंड 'भाजले' असे आपण म्हणतो, ती शरीराच्या दृष्टीने अतिशयोक्ती नव्हे. मेंदूस दोहोंचा निरोप एकच पोचतो. रोझेशियाच्या त्वचेत ही द्वारे फार सहज उघडतात असे दिसते. ती उघडली की केशवाहिन्या रुंदावतात आणि गालांवर रक्त लोटते.

यावरून निमित्तांचा उलगडा होतो. अमेरिकेतील १,०६६ रोग्यांस विचारले असता ८१ टक्क्यांनी ऊन, ७९ टक्क्यांनी मानसिक ताण, ७५ टक्क्यांनी उष्ण हवा, ५२ टक्क्यांनी मद्य व ४५ टक्क्यांनी तिखट मसाल्याचे पदार्थ सांगितले. मद्याच्या वर कोणकोण बसले आहे ते लोकापवाद पसरविणारांनी पाहावे! आपल्या घरांत या यादीत स्वयंपाकघराची भर घालावी लागेल. वैशाखात, पंखा लावला तर गॅसची ज्योत हलते म्हणून तो बंद ठेवून, वीसपंचवीस पुरणपोळ्या लाटणाऱ्या व भाजणाऱ्या सुनेस ऊन, ताण व उष्ण हवा या तिन्ही गोष्टींचे फळ एकाच जागी उभ्याने मिळते. घरात चार बायका असतील तर तव्यापुढची पाळी वाटून घेणे कठीण नाही. आणि पुरुषांनी तव्यापुढे उभे राहू नये असे कोणत्याही स्मृतीत आमच्या वाचनात आलेले नाही.

चहाकॉफीविषयी मात्र विनाकारण धास्ती पसरली आहे. जोनाथन विल्किन या अमेरिकन वैद्याने १९८१ साली एक साधा पण सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने रोग्यांस कढत कॉफी, तितकेच कढत म्हणजे ६० अंशांचे नुसते पाणी, गार कॉफी आणि नुसते कॅफीन निरनिराळ्या वेळी दिले. कढत कॉफीने चेहरा लाल झाला, तसा कढत पाण्यानेही झाला. गार कॉफीने व कॅफीनने झाला नाही. दोष पेयाचा नसून उष्णतेचा होता. उलट, वर सांगितलेल्या परिचारिकांच्याच माहितीवरून २०१८ साली असे आढळले की, दिवसास चार वा अधिक पेले कॉफी घेणाऱ्या स्त्रियांत ही व्याधी होण्याचा संभव सुमारे २३ टक्के कमी होता. चहाचा असा गुण वा दोष दिसला नाही. आमच्या वडीलधाऱ्यांची बशीत ओतून, फुंकर घालून चहा घेण्याची रीत आजची मुले गावंढळ ठरवितात. या व्याधीपुरती तरी ती शास्त्रशुद्ध म्हणावी लागेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. १९५२ साली स्टेरॉइड जातीचे पहिले गुणकारी मलम त्वचारोगांवर वापरात आले, आणि योग्य जागी, योग्य दिवस वापरल्यास त्याचे उपकार फार मोठे आहेत. परंतु पुढे त्याच जातीची कितीतरी जहाल मलमे बाजारात आली आणि आपल्या देशात ती खाज, डाग, मुरूम, किंबहुना रंग उजळणे अशा कोणत्याही कामी चेहऱ्यास फासली जाऊ लागली. हे मलम केशवाहिन्या आक्रसविते. त्यामुळे लाल गालास ते लावताच चारदोन दिवसांत लाली नाहीशी होते आणि घरात आनंदीआनंद होतो. वस्तुतः आत त्वचा पातळ होत असते. काही आठवड्यांनी मलम थांबविले की लाली, जळजळ व पुटकुळ्या पूर्वीपेक्षा जोराने उसळतात. घाबरून माणूस पुन्हा तेच मलम लावतो, पुन्हा बरे वाटते, आणि असे करता करता मलमावाचून एक दिवस काढणे अशक्य होऊन बसते. मूळची रोझेशिया नसलेल्यासही या मार्गाने तिच्यासारखीच व्याधी जडते.

भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी हा अनर्थ ओळखून २००८ साली त्यास 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक केंद्रांच्या एकत्रित पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रोग्यांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, अशी मलमे वापरीत होते आणि त्यांतील ३९२ जणांस म्हणजे ९०.५ टक्क्यांस अपाय झालेला होता. निम्म्याहून अधिकांस हे मलम डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. शेजारीण, मैत्रीण, केशकर्तनालय, दुकानदार यांचे वैद्यक! २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा यादीत घातली. पण जुनी चिठ्ठी व जुनी नळी घरातल्या कपाटात वर्षानुवर्षे राहते, आणि एकत्र कुटुंबात एकाची नळी सर्वांची होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे नळीवर दिसली तर ते चेहऱ्याचे मलम नव्हे, असे घरातील प्रत्येकाने ओळखावे. ज्यांनी ते महिनोन्‌महिने लावले आहे त्यांनी मात्र घाईने एकदम न थांबविता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे. त्या काळात तोंड फार जळते, आणि घरच्यांनी धीर देण्याची खरी वेळ तीच असते.

औषधोपचाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो डॉक्टरांचा प्रांत आहे. व्याधी समूळ जाते असे वचन कोणी देऊ नये. ती ताब्यात राहते. आवेवर जे पोटात देतात ते मेट्रोनिडाझोल येथे मलमाच्या रूपाने लावतात. अ‍ॅझेलेइक आम्लाचे मलमही वापरतात. आयव्हरमेक्टिनचे मलम अमेरिकेत २०१४ साली मान्य झाले, ते त्या किड्यांवर चालते व दाहही शमविते. पुटकुळ्या फार असल्यास डॉक्सिसायक्लिन पोटातून देतात. जंतू मारण्यास लागते त्याहून कमी मात्राही दाह शमविण्यास पुरते. गर्भवतीस व लहान मुलांस ते देत नाहीत. केशवाहिन्यांच्या रेषा औषधाने जात नाहीत, त्यांस लेसर किरण लागतात. आणि गाठाळ नाक शस्त्राने वा लेसरने तासून पुष्कळ पूर्ववत करता येते. घरी करावयाचे म्हणजे छत्री व उन्हापासून बचाव करणारे मलम वापरावे, सौम्य साबणाने हलक्या हाताने तोंड धुवावे, आणि कापूर, पुदिन्याचा अर्क, लिंबाची फोड, खरखरीत उटणे यांपैकी काहीही गालांस लावू नये. दिवाळीच्या पहाटे उटणे हातापायांस खुशाल लावावे. कोणत्या निमित्ताने चेहरा भडकतो ते प्रत्येकाचे निराळे असते, म्हणून महिनाभर एका वहीत खाणे, ऊन, श्रम व चेहऱ्याची स्थिती टिपून ठेवली तर डॉक्टरांचे अर्धे काम होते, आणि विनाकारण सगळेच पदार्थ सोडण्याची पाळी येत नाही.

शेवटी डोळ्यांविषयी, कारण तेथे हयगय महागात पडते. या व्याधीच्या निम्म्याहून अधिक रोग्यांस डोळ्यांची काही ना काही तक्रार असते. कित्येकांस ती चेहऱ्याच्या लालीच्याही आधी सुरू होते आणि मग दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. पापण्यांच्या कडा लाल व सुजलेल्या असतात, सकाळी त्यांवर कोंड्यासारखे कण दिसतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, उजेड सोसत नाही, रांजणवाडी एक गेली की दुसरी येते. पापणीच्या कडेशी ज्या तेलग्रंथी असतात त्यांची तोंडे बुजल्यामुळे अश्रू लवकर सुकतात, म्हणून हे होते. दाह बुबुळापर्यंत पोचला तर तेथे व्रण पडून दृष्टीस धोका उत्पन्न होतो. डोळा दुखू लागला, फार लाल झाला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रवैद्यांकडे जावे. एरवी रोज सकाळ-संध्याकाळ स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाचदहा मिनिटे ठेवावे, म्हणजे ग्रंथींतील थिजलेले तेल पातळ होते. मग बोटाने पापणीच्या कडेकडे हळूच चोळून कडा पुसून घ्यावी. जी उष्णता गालांस वर्ज्य तीच पापणीस औषध, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे; तेव्हा फडक्याची घडी लहान करावी, आणि शेक पापणीपुरताच ठेवून गालावर उतरू देऊ नये.